उपासाचं रताळं कोलंबसाच्या आधी पॅसिफिकमध्ये कसं पोचलं?

रानभाजी

परवा आषाढीला रताळी किसत होते. लेक शेजारी बसून साली गोळा करत होती. तिने विचारलं, "आई, रताळं मूळचं कुठलं?" मला नीट सांगता येईना. रात्री शोधायला बसले आणि दोन वाजून गेले तरी उठवेना.

रताळं अमेरिका खंडातलं. स्पॅनिश आणि पोर्तुगीज गलबतांनी ते जगभर नेलं, इथवर नवल नाही. पण १७६९ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन कुकचं 'एन्डेव्हर' जहाज न्यूझीलंडला लागलं, तेव्हा तिथल्या मूळ रहिवाशांच्या, माओरींच्या शेतांत रताळ्याचे वेल आधीच पसरलेले होते. हवाई, ताहिती, रापा नुई (म्हणजे ईस्टर बेट), सगळीकडे तेच. कुक बेटांपैकी मांगाइयावर जुन्या वस्तीच्या जागी रताळ्याचे जळके तुकडे सापडलेत, तेही युरोपीय माणूस या समुद्रात उतरण्याआधीचे.

आणि मला खरी झोप लागू दिली नाही ती ही गोष्ट: माओरी भाषेत रताळ्याला म्हणतात 'कूमरा'. दक्षिण अमेरिकेतल्या क्वेचुआ भाषेच्या काही बोलींत रताळ्याला शब्द आहे 'कुमर' किंवा 'कुमरा'.

रापा नुईपासून चिलीचा किनारा साडेतीन हजार किलोमीटर. मधे सगळं पाणी. माझं मत सांगते: कोणीतरी मुद्दाम गेलं, भेटलं, नाव विचारून घेतलं आणि वेल घेऊन परत आलं. तुम्हाला काय वाटतं?

चहाबाज

वाचतोय. खुर्ची ओढून बसलो आहे, येऊ द्या सगळ्यांना.

तिखटमीठ

रताळं परदेशी निघालं म्हणून हळहळणाऱ्यांनी उपासाचं ताट नीट बघा. बटाटा, शेंगदाणा, हिरवी मिरची, ज्या कंदाचा साबुदाणा होतो तो टॅपिओका, सगळी मंडळी अमेरिकेतली. दाण्यासाठी पिकवतात तो राजगिराही. वरीचे तांदूळ तेवढे आपल्याकडचे. विठोबाने कोणालाच दारातून परत पाठवलं नाही. :)

शब्दवेल्हाळ

तिखटमीठ, तुमच्या यादीत एक भर. 'बटाटा' हा शब्दच मुळात रताळ्याचा आहे. कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या भाषेत 'बताता' म्हणजे रताळं. तो शब्द स्पॅनिश-पोर्तुगीजांनी उचलला, पुढे दुसऱ्या कंदालाही लावला, आणि मराठीत त्या दुसऱ्यालाच चिकटला. बटाटेवड्याच्या नावात रताळं बसलंय.

उलट 'रताळं' आलं 'रक्तालु'वरून. हा शब्द आपल्याकडे तांबड्या कंदासाठी आधीपासून होता. नवा पाहुणा आला, त्याला आपण घरातलं जुनं नाव दिलं.

म्हणून रानभाजींचा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. पॉलिनेशियात (म्हणजे हवाई, न्यूझीलंड आणि रापा नुई यांच्या मधल्या बेटांत) सुरण-गोराडूच्या जातीचे कंद होते, आळू होतं. त्यांनाही घरातलं एखादं नाव देता आलं असतं. त्यांनी कंदाबरोबर नावही घेतलं. कंद एक वेळ वाहत येईल, शब्द वाहत येत नाही. एकाने बोट दाखवावं लागतं, दुसऱ्याने उच्चारून बघावं लागतं. ती भेट झाली, असं मी मानतो.

शून्यमार्ग

भेट झाली हे मान्य, पण गेलं कोण? दक्षिण अमेरिकेतले लोकच पश्चिमेला आले असतील. नॉर्वेच्या थोर हायरडाल या संशोधकाने १९४७ मध्ये करून दाखवलं की. बाल्सा लाकडाचे ओंडके दोरांनी बांधलेला 'कोन-टिकी' तराफा, सहा माणसं, पेरूच्या काल्याओ बंदरातून निघाले आणि १०१ दिवसांनी पॉलिनेशियातल्या रारोइआ बेटाच्या प्रवाळावर आदळले. वारा आणि प्रवाह दोन्ही त्याच दिशेने वाहतात. सोपं उत्तर समोर असताना अवघड का शोधायचं?

शब्दवेल्हाळ

शून्यमार्ग, त्या सहा जणांच्या हिमतीला माझाही नमस्कार. पण तराफा जाऊ शकतो एवढंच त्यातून कळलं, गेला होता हे नाही. शिवाय किनाऱ्यापासून पहिले काही मैल तो दुसऱ्या जहाजाने ओढून नेला होता. हायरडालचा दावाही फार मोठा होता, की पॉलिनेशियाची मूळ वस्तीच पेरूतून आली. तो भाषेपुढे टिकत नाही.

एकच शब्द घ्या. मलय भाषेत पाचाला 'लिमा'. हवाईत 'लिमा'. माओरीत 'रिमा'. पार इकडे आफ्रिकेशेजारी मादागास्करात 'दिमी'. हवाईत लिमा म्हणजे हातसुद्धा. पाच बोटांचा हात आणि पाच हा आकडा एकाच शब्दात घेऊन ही माणसं तैवानच्या बाजूने निघाली आणि पृथ्वीचा अर्ध्याहून जास्त घेर पालथा घातला. पॉलिनेशियन माणूस पश्चिमेकडून पूर्वेला आला, यावर भाषा, मडकी आणि जनुकं तिघांचं एकमत आहे.

गुणसूत्र

जनुकांचा विषय निघालाच आहे तर सांगतो, माझं रोजचं काम याच्या जवळपासचं आहे.

२०२० मध्ये 'नेचर' या विज्ञानविषयक नियतकालिकात एक अभ्यास आला. ८०७ लोकांचे जनुकीय नमुने, त्यात पॅसिफिकची १७ बेटं आणि अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी. पूर्व पॉलिनेशियातल्या काही बेटांवरच्या लोकांत मूळ अमेरिकन पूर्वजांचे छोटे तुकडे सापडले. आता, पूर्वज मिसळले की पिढीगणिक ते तुकडे लहान होत जातात, कणीक पुन्हा पुन्हा मोडावी तसे. लांबी मोजली की किती पिढ्या झाल्या याचा अंदाज येतो. तो अंदाज निघाला इ.स. १२०० च्या आसपास. सगळ्यात जुनी खूण मार्केसास बेटांच्या दक्षिण भागात, ११५० च्या सुमाराची. आणि त्या तुकड्यांचं सगळ्यात जवळचं नातं कोलंबियातल्या झेनू लोकांशी.

मग २०२४ मध्ये रापा नुईच्या १५ जुन्या माणसांच्या अवशेषांचे जीनोम, म्हणजे सगळी जनुकीय माहिती, वाचले गेले. त्यांच्यातही सुमारे दहा टक्के वाटा मूळ अमेरिकन, आणि मिसळण झालेली १२५० ते १४३० च्या दरम्यान. म्हणजे युरोपीय जहाज तिथे १७२२ मध्ये पोचायच्या कितीतरी आधी. त्याच अभ्यासात बेटावरची लोकसंख्या कोसळली होती या प्रसिद्ध गोष्टीलाही आधार मिळाला नाही, उलट ती हळूहळू वाढतच होती.

माणसं भेटली, मुलं झाली. हे आता नाकारणं अवघड आहे. कोण कोणाच्या दारी गेलं, हे मात्र जनुकं सांगत नाहीत, शून्यमार्ग यांची शंका तेवढ्यापुरती उरतेच.

जुनी_वही

थोडा विरोध नोंदवते. माणसं भेटली म्हणून रताळं माणसांनीच नेलं, असं आपोआप सिद्ध होत नाही. २०१८ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी कुकच्याच १७६९ च्या सफरीत वाळवून ठेवलेला रताळ्याचा नमुना तपासला. त्यांच्या मते तो वाण अमेरिकेतल्या नातलगांपासून लाखभर वर्षांपूर्वीच वेगळा झालेला दिसतो. म्हणजे माणूस तिथे नसतानाच बी पाण्यावरून किंवा पक्ष्यांबरोबर गेलं असेल. रताळ्याचे काही जंगली भाऊबंद असेच समुद्र ओलांडून पसरलेले आहेत. सुंदर गोष्ट आहे म्हणून खरी मानू नये, एवढंच म्हणणं.

गुणसूत्र

जुनी_वही, आक्षेप योग्य जागी आहे. पण ते सगळं गणित एका अडीचशे वर्षं जुन्या वाळक्या फांदीवर फार भार टाकतं, अशी टीका तेव्हाच झाली. २०१३ मध्ये फ्रेंच संशोधकांनी संग्रहालयांतले जुने नमुने तपासून तीन वाटा वेगळ्या केल्या होत्या. 'कुमरा' वाट पेरू-इक्वेडोरकडून पॉलिनेशियात, सगळ्यात जुनी. 'कामोते' वाट मेक्सिकोतून स्पॅनिशांबरोबर फिलिपिन्सला. आणि 'बताता' वाट पोर्तुगीजांबरोबर पूर्वेकडे. आपल्या आषाढीच्या ताटाशी नातं असलंच तर या शेवटच्या वाटेचं.

खाडीकाठ

इतका वेळ वाचत होतो. आता राहवत नाही.

माझे आजोबा तांडेल. आमच्याकडे लहान होडीला उलांडी असते. होडीच्या एका अंगाला दोन आडव्या दांड्या बाहेर काढायच्या आणि त्यांच्या टोकांना हलक्या लाकडाचा ओंडका बांधायचा, तो पाण्यावर तरंगत होडीला तोलून धरतो. रत्नागिरीपासून खाली मालवण, गोव्यापर्यंत दिसेल. मी लहानपणी त्या दांडीवर बसून पाय पाण्यात सोडायचो आणि आजोबा ओरडायचे, "अरे उलांडीवर भार टाकू नको, तिचं काम तिला करू दे."

पुढे कधीतरी हवाईच्या होडीचा फोटो बघितला. तीच उलांडी. तशीच दोन दांड्यांवर, तशीच एका बाजूला. मी तो फोटो आजोबांना दाखवला. त्यांनी चष्मा पुसून घेतला, दोर कसा गुंडाळलाय ते बोटाने मोजलं आणि म्हणाले, "हे आपले लोक नव्हेत, पण होडी आपली आहे."

हिंदी महासागरात ही उलांडी आग्नेय आशियातल्या त्याच दर्यावर्दी लोकांकडून आली, असं बरेच अभ्यासक मानतात. श्रीलंकेत आहे, मादागास्करच्या वेझो कोळ्यांकडे आहे. पॉलिनेशियन लोक ओंडक्यावर बसून वाहत गेले, हे म्हणूनच माझ्या गळी उतरत नाही. ज्याने उलांडी बांधली त्याला लाटेचा स्वभाव आधी कळला होता.

डोलकाठी

खाडीकाठ, अंगावर काटा आला. आजोबांविषयी अजून लिहा.

खाडीकाठ

लिहितो. रात्री मतलई, म्हणजे जमिनीकडून वाहणारा वारा, सुटला की निघायचं आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परतायचं, हे घड्याळाशिवाय. धुक्यात कधी अडकलो तर ते होडीच्या तळात आडवे व्हायचे, डोळे मिटून. दोन मिनिटांनी उठून हात दाखवायचे, किनारा त्या अंगाला. विचारलं तर म्हणायचे, मोठी लाट एकाच बाजूने येते, वरची वाऱ्याची लाट फसवते, खालची फसवत नाही.

आकाशवेडा

खाडीकाठ, तुमच्या आजोबांसारखंच वर्णन माउ पिआइलुग यांचं करतात! ते मायक्रोनेशियातल्या सातावाल बेटाचे. हवाईत जुनी नौकानयनाची विद्या लोपली होती, म्हणून १९७६ मध्ये 'होकुलेआ' या जोडनावेला वाट दाखवायला त्यांना बोलावलं. हवाई ते ताहिती, सुमारे चार हजार किलोमीटर, होकायंत्र नाही, नकाशा नाही. महिनाभरात पोचले. ताहितीतल्या पापीतीच्या धक्क्यावर हजारो लोक उभे होते.

आता नावाची गंमत. होकुलेआ म्हणजे आनंदाचा तारा, आणि तो तारा आपली स्वाती. स्वाती आज हवाईच्या बरोबर डोक्यावरून जाते. तारा माथ्यावर आला की आपण हवाईच्या अक्षांशावर आलो, मग फक्त पूर्व-पश्चिम शोधायची. ताहितीच्या माथ्याजवळून जातो तो व्याध. आणि मुंबईचा अक्षांशही जवळजवळ १९ च, म्हणून स्वाती मुंबईच्याही डोक्यावरून जाते. आत्ताच्या दिवसांत संध्याकाळी पाऊस उघडला तर वर बघा.

एक खबरदारी. संपातचलनामुळे, म्हणजे पृथ्वीचा आस हळूहळू डोलतो त्यामुळे, हजार वर्षांपूर्वी स्वाती आणखी उत्तरेला होती, तेव्हा जुन्या नावाड्यांचे माथ्यावरचे तारे थोडे वेगळे असणार. पण कोणता तारा क्षितिजावर कुठे उगवतो, कुठे मावळतो, याचं त्यांचं पाठांतर अफाट होतं. दिवसा लाटा, पक्षी, बेटावर अडून राहिलेला ढग. संध्याकाळी मासे घेऊन उडणारा पक्षी ज्या दिशेला जातो तिकडे जमीन.

शून्यमार्ग, तुमच्या वाऱ्याच्या मुद्द्याला यातच उत्तर आहे. तिथला नेहमीचा वारा पूर्वेकडून येतो. नवी जमीन शोधायला वाऱ्याच्या तोंडावर जायचं, कारण काही सापडलं नाही तर परतीला वारा पाठीशी असतो. जिवंत घरी यायचं असेल त्याने असंच निघावं. शिवाय अधूनमधून वारे उलटे फिरतात, तेव्हा पूर्वेची वाट मोकळी होते.

अस्सलदेशी

यात आपल्या पूर्वजांचा उल्लेख कोणीच करत नाही. भारतीय जहाजं अमेरिकेला आधीच पोचली होती, माया लोकांची मंदिरं बघा.

जुनी_वही

अस्सलदेशी, मंदिरासारखी इमारत दोन ठिकाणी स्वतंत्रपणे उभी राहू शकते. रताळं, शब्द आणि रक्त हे तिन्ही पुरावे एकत्र आले म्हणून पॉलिनेशियाची बाजू भक्कम झाली. तसं काही अमेरिका आणि भारताच्या बाबतीत अजून कोणी दाखवलेलं नाही.

आपल्या किनाऱ्याचं खरं वैभव कमी आहे का? अजिंठ्याच्या भित्तिचित्रात शिडाचं जहाज आहे. त्यावरून काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून, खिळा न मारता, गोव्यात जहाज बांधलं गेलं आणि मे २०२५ मध्ये ते कारवारला 'कौंडिण्य' नावाने नौदलात आलं. माझा भाऊ ते बांधताना बघून आला. म्हणाला, दोन फळ्यांच्या सांध्यावर काथ्याची जाड वळी ठेवून वरून टाका घालतात, गोधडीला घालावा तसा.

शब्दवेल्हाळ

आणि हिंदी महासागरातली सगळ्यात थरारक सफर हवी असेल तर मादागास्कर घ्या. आफ्रिकेच्या कुशीत असलेल्या त्या बेटाची भाषा बोर्निओतल्या मान्यान भाषेची सख्खी बहीण. २०१२ च्या एका जनुकीय अभ्यासानुसार तिथल्या वस्तीची सुरुवात करणाऱ्यांत आग्नेय आशियातून आलेल्या साधारण ३० बायका होत्या, सुमारे १२०० वर्षांपूर्वी. तीस. आपल्याकडे लग्नाच्या बसमध्ये याहून जास्त असतात. प्रत्येकीच्या मांडीवर काय काय असेल, कंद, कोंबड्या, लेकरं.

नारळाचंही तसंच. जगातल्या नारळांचे दोन मुख्य कुळं, पॅसिफिकचं आणि आपल्या हिंदी महासागराचं. मादागास्करच्या बाजूला दोन्ही मिसळलेली सापडतात. कोणीतरी हातात धरून नेलेली.

चहाबाज

कोंबड्यांवरून आठवलं. चिलीत कोलंबसाआधीची पॉलिनेशियन कोंबडीची हाडं सापडली, असं कुठेतरी वाचलं होतं?

गुणसूत्र

हो, २००७, एल अरेनाल. पण पुढे त्या काळमापनावर आणि डीएनएवर बरेच आक्षेप आले. तो पुरावा मी सध्या बाजूला ठेवतो.

ऑकलंडकर

मी उशिरा पोचले, पण माझ्याकडे कूमरा आहे, अगदी टोपलीत. इथे मंडईत तांबडा, सोनेरी आणि केशरी असे तीन प्रकार मिळतात. तांबडा आपल्या रताळ्यासारखा, सालीला जांभळट झाक, आत फिका, उकडला की कोरडा पिठूळ. किसाला तोच घ्यावा, केशरी पाणी सोडतो. उत्तरेकडे डार्गाव्हिल भागात याची मोठी शेती आहे.

शेजारच्या माओरी आजीबाईंनी मला सांगितलं, ते तुम्हाला सांगते. कूमरा उष्ण देशातला, आणि इथे थंडीत दहिवर पडतं. म्हणून त्यांच्या पूर्वजांनी जमिनीत वाळू-खडी मिसळली, म्हणजे माती उन्हाने तापून ऊब धरते. आणि पीक ठेवायला जमिनीत खड्डे केले, 'रुआ'. त्यांनी वर्णन केलं तेव्हा मी म्हटलं, अहो हे तर आमचं पेव! आमच्या गावी ज्वारी ठेवायचे तसं. एकही कुजका कंद आत जाऊ द्यायचा नाही, कारण एक कुजला की सगळे जातात. त्या खड्ड्यातच पुढच्या वर्षीचं बियाणं असायचं.

आणि आकाशवेडा, हे तुमच्यासाठी. इथलं माओरी नववर्ष म्हणजे मातारिकी, आणि मातारिकी म्हणजे आपल्या कृत्तिका. आषाढीच्या आगेमागे त्या पहाटे पूर्वेला पुन्हा दिसू लागतात. २०२२ पासून सरकारी सुट्टी आहे. त्यातल्या एका ताऱ्याचं नाव तुपुआनुकु, जमिनीत पिकणाऱ्या अन्नाचा तारा. मी यंदा त्या पहाटे आजीबाईंबरोबर टेकडीवर गेले होते. पुढे एकादशीला त्यांना किस नेऊन दिला, तूप-जिऱ्याची फोडणी, दाण्याचं कूट. त्यांनी दोनदा घेतला आणि म्हणाल्या, कूमरा खूप फिरलाय, पण असा कधी भेटला नव्हता.

डोलकाठी

ऑकलंडकर, डोळ्यांत पाणी आणलंत.

शून्यमार्ग

माझं मत बरंच हललं आहे. कुकबरोबर ताहितीहून निघालेल्या तुपाइयाबद्दल वाचत होतो. त्याने ७४ बेटांचा नकाशा काढायला मदत केली, आणि न्यूझीलंडला उतरल्यावर माओरी त्याचं बोलणं समजू शकले. ज्यांच्याकडे अशी माणसं होती, ते मुद्दाम गेले असतील हे पटतं. फक्त जुनी_वही यांच्या बियांचा मुद्दा मनात राहतो.

रानभाजी

तीन आठवड्यांनी परत येते आहे. धागा काढला त्याच रात्री मी दोन रताळी वेगळी ठेवली होती. एक बादलीत, लिटरला ३५ ग्रॅम जाडं मीठ घातलेल्या पाण्यात, म्हणजे समुद्राइतकं खारट. दुसरं वाळल्या गवतात गुंडाळून टोपलीत, नावेत ठेवतील तसं.

बादलीतलं आठवड्याच्या आत मऊ पडलं, दहाव्या दिवशी वासामुळे टाकून द्यावं लागलं. म्हणजे कंद समुद्रातून आपला आपण गेला नाही, एवढं माझ्यापुरतं नक्की. बी जाऊ शकेल, जुनी_वही, ती शक्यता मी पुसत नाही. पण बी स्वतःचं नाव सांगत नाही, शब्दवेल्हाळ म्हणाले तिथेच मी पुन्हा येते.

टोपलीतल्या रताळ्याला काल तीन कोंब दिसले, जांभळे, नखाएवढे. होकुलेआ एवढ्याच दिवसांत अर्ध्याहून पुढे गेली होती. लेकीने ते कुंडीत लावलंय आणि कुंडीवर खडूने लिहिलंय, 'कूमरा'.